फाइलीतली आई

सकाळचे साडेनऊ वाजले होते. दूध उतू जाऊन शेगडी पुसून झाली होती, नळ गेला होता, आणि लेक पावाचा तुकडा तोंडात धरून, एका हाताने केसांना चाप लावत जिना उतरून गेली होती. नवरा पाण्याच्या पंपघरावर पहिल्या पाळीला. घरात उरली ती एकटी आणि तिच्या मांडीवरचा कुणाचा तरी काळा कोट. मी समोरच्या दारातली. ह्यांच्या कोटाचं एक काज उसवलं होतं ते दाखवायला गेले होते आणि नेहमीसारखी बसले होते.

आमच्या इमारतीत तिला सगळे काजवाली म्हणतात. तिला त्याचं वाईट वाटत नाही. कोणी नुसतं 'शिवणवाली' म्हटलं तर मात्र वाटतं. शिवणाऱ्या पुष्कळ आहेत, कोटाला हाताने काज घालणारी ती एकटीच, असं तिला कामं देणारा शिंपी, तिचा मास्तर, स्वतः सांगतो. कापडाला चीर द्यायची, चिरेच्या कडेने जाड दोरा धरायचा आणि त्यावरून मेण लावलेल्या दोऱ्याचे टाके असे शेजारी शेजारी बसवायचे की मध्ये नख शिरू नये. घाई केली की काज तोंड वासतं. तिच्या हातचं काज तोंड वासलेलं मी इतक्या वर्षांत पाहिलं नाही. तिचं स्वतःचं तोंड ही वेगळी गोष्ट.

दारावर टकटक झाली. घंटी असताना कोणी दार वाजवलं की तिला राग येतो. "आले, आले, पाडू नका दार," म्हणत तिने उघडलं. बाहेर एक मध्यमवयीन बाई, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला कापडी पिशवी. तिने लेकीचं नाव घेतलं, अगदी आडनावासकट, शाळेत हजेरी घेतात तसं.

"कामावर गेली ती. चष्म्याच्या दुकानात असते. काय ते माझ्याकडे द्या. मी आई तिची."

बाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा कागदाकडे. आणि पिशवीतून अर्धं बाहेर आलेलं पाकीट परत आत गेलं.

"हे त्यांच्याच हातात द्यावं लागतं."

"अहो, तिची पत्रं मीच फोडते. शाळेपासून."

"हे नाही फोडता येणार."

"असं काय आहे त्यात? लग्नाची मागणी घालायला आलात का?"

बाई हसल्या, पण पाकीट बाहेर आलं नाही. "काय आहे तेही मला सांगता येत नाही. कायदाच तसा झालाय आता. त्यांचा फोन नंबर द्याल?"

"कामावर फोन चालत नाही तिला," काजवालीने सांगितलं. ते खोटं होतं. पोर दिवसातून चारदा घरी फोन करते.

शेवटी बाईंनी एक चिठ्ठी दिली. त्यावर खोलीचा क्रमांक, आणि एवढंच, की महिनाअखेरच्या आत स्वतः येऊन भेटावं. "त्यानंतर मग काही करता येणार नाही," असं सांगून त्या उतरल्या. त्यांच्या पिशवीवर मोठ्या इस्पितळाचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरांत 'नमुना संग्रह' असं लिहिलेलं होतं. ते मी वाचलं तसं तिनेही वाचलं.

दार लावून ती बसली. सुई उचलली, ठेवली.

"तिचंच काहीतरी आलंय," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"आणि कुणाचं असणार, ताई? फोटोतलीचं."

फोटोतली म्हणजे तिच्या नवऱ्याची पहिली बायको. मुलगी दोन वर्षांची असताना ती मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेली. हे दुखणं घराण्यात चालत आलेलं होतं, डॉक्टरांना त्यात अभ्यास करायचा होता, आणि जाण्याआधी तिने त्यांच्यासाठी रक्त दिलं होतं. पोर चार वर्षांची असताना काजवाली या घरात आली. म्हणजे सोळा वर्षं झाली. तेव्हापासून तिने पोरीची आजारपणं काढली, परीक्षा काढल्या, हट्ट काढले. एक फोटो मात्र तिला भिंतीवरून काढता आला नाही.

"जिवंत सवत बरी," ती मला एकदा म्हणाली होती. "ती चुकते. जाड होते. तिच्या हातून मीठ जास्त पडतं. मेलेलीच्या हातून सोळा वर्षांत एकदाही मीठ जास्त पडलं नाही."

तिचा नवरा भला माणूस. पहिलीचं नाव काढत नाही, आणि हेच हिला खुपतं. "काढलं असतं तर भांडता तरी आलं असतं. हा मनातल्या मनात काढतो, तिथं मी कशी जाऊ?"

लेकीला तिने काज घालायला शिकवलं. पोर बोटांची हुशार, पण डावरी. तिच्या काजाच्या टाक्यांचा कल उलटा पडायचा. एका कोटावर पाच काजं आईची आणि एक लेकीचं असलं की मास्तर लांबून ओळखायचा आणि हसायचा. काजवालीने दोन वर्षं खटपट केली, उजव्या हातात सुई दिली, डावा हात रुमालाने बांधलासुद्धा. शेवटी पोरीच्या मावशीने एका रविवारी पाहिलं आणि म्हणाली, "राहू द्या हो. आमची ताई डावरीच होती. रक्तातून आलंय ते." त्या दिवसापासून हिने पोरीला कोटाला हात लावू दिला नाही.

ही मावशी म्हणजे तिचं दुसरं दुखणं. शाळेत चित्रकला शिकवते, लग्न केलं नाही, एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी येते. येताना फळं आणते आणि पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरून "अगदी ताई गं" म्हणते. काजवालीला पहिल्यापासून वाटायचं की या बाईचा डोळा घरावर होता. बहिणीच्या जागी आपण यायचं असं हिच्या मनात असणार, मी आडवी आले, म्हणून राहिली बिनलग्नाची. असं मला तिने दहादा तरी सांगितलं असेल. प्रत्येक वेळी मी म्हटलं, "तुला काय माहीत?" आणि प्रत्येक वेळी तिने उत्तर दिलं, "बायकांना कळतं."

चिठ्ठी तिने बटणांच्या डब्यात टाकली. संध्याकाळी मी विचारलं, "सांगितलंस का तिला?" तर म्हणाली, "दमून आलीय आज." दुसऱ्या दिवशी पोरीचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी हिचं. आठव्या दिवशी ती साडी बदलून माझ्या दारात उभी राहिली.

"चल माझ्याबरोबर इस्पितळात. तू शिकलेली आहेस, फॉर्म वाचशील."

बसमध्ये तिने बेत सांगितला. नमुना संग्रहात जायचं, आई म्हणून सही करायची आणि त्या बाईचं जे काही तिथं ठेवलं असेल ते टाकून द्यायला सांगायचं.

मी थक्क झाले. "तुला काय अधिकार?"

"आईचा," ती म्हणाली. "फोटो भिंतीवर, मावशी रविवारी, नवऱ्याच्या मनात ती, पोरीच्या हातात ती. आता इस्पितळातही शीतपेटीत बसलीय माझी वाट बघत? एवढी एक नळी तरी मला जगातून कमी करू दे."

नमुना संग्रह तळमजल्यावर होता. लांबलचक मार्गिका, बाकडी, काचेची खिडकी. भिंतीवर नव्या कायद्याचा मोठा फलक होता. आमचा नंबर यायला वेळ होता म्हणून मी तो वाचून दाखवला. कुणाचंही रक्त, लाळ, केस त्याच्या लेखी संमतीशिवाय तपासता येणार नाहीत. एका कामासाठी दिलेला नमुना दुसऱ्या कामाला वापरता येणार नाही. नोकरी देणाऱ्याला, विमावाल्याला, सोयरीक जुळवणाऱ्याला कुणाची जनुकीय नोंद मागता येणार नाही, आणि मागणारा व देणारा दोघेही गुन्हेगार ठरतील. मेलेल्या माणसाच्या नमुन्यावर हक्क त्याच्या पोटच्या मुलांचा. कुणी हक्क सांगितला नाही तर मुदतीनंतर नमुना नष्ट होईल.

"पोटच्या," काजवाली म्हणाली. "बघ, कायद्यालासुद्धा पोटच दिसतं."

खिडकीमागे त्याच बाई होत्या. त्यांनी आम्हाला ओळखलं.

"माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोचं रक्त आहे तुमच्याकडे," काजवाली सरळ म्हणाली. "ते टाकून द्या. मी मुलीची आई, कुठं सही करायची सांगा."

"इथं कुणाचं काय आहे, आहे की नाही, ते मला सांगता येत नाही."

"मला माहीतच आहे, तुम्ही कशाला सांगता?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं त्यांना दया आली असावी. "आपण समजा म्हणून बोलू," त्या म्हणाल्या. "समजा असा नमुना आहे. तुम्ही जर त्या मुलीची आई असाल, तर त्या नमुन्याशी मुलीचा काही संबंधच नाही. आणि आई नसाल, तर तुमची सही चालत नाही."

काजवालीने खिडकीतून आत घातलेला हात मागे घेतला. 

"आता दुसरं समजा," बाई पुढे म्हणाल्या आणि आतून एक जुना कागद घेऊन आल्या. "फाइल मला दाखवता येणार नाही. पण हे निवेदन तुमच्याच सहीचं आहे, ते तुम्हाला दाखवता येतं. अक्षर तुमचंच ना?"

अक्षर तिचंच होतं. पोर सहा वर्षांची असताना तापाने इस्पितळात होती, तेव्हा भरलेला फॉर्म. आईचं नाव या रकान्यात हिचं नाव. आईकडच्या घराण्यात कुठले आजार, इथे 'कुठलाही नाही'. आईची आजी हयात आहे का, इथे 'नव्वदाव्या वर्षी पडून वारली'. मी त्या आजीला पाहिलेलं होतं. ती काजवालीची आजी.

"हे असं का लिहिलंत?" बाईंनी विचारलं.

"आई म्हणून लिहिलंय तिथं. मग आई म्हणून मी माझंच लिहिणार. तुमच्या फॉर्ममध्ये दोन आयांना जागा होती कुठं?"

"नव्हती," बाईंनी कबूल केलं. मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं, प्रत्येक वाक्याआधी 'समजा' लावून. असले आजार आईकडून मुलात यायची शक्यता निम्मी असते, नाणं उडवावं तशी. दोष नेमका कुठे आहे ते आईच्या नमुन्यात सापडलं, तर मुलीत तेवढीच जागा तपासायची, आणि असलाच तर वेळेवर औषध सुरू करता येतं. नमुना गेला तर अंधारात चाचपडणं. पण मुलगी उद्या हक्क सांगायला आली तर जन्मदाखला एक आई सांगणार आणि फाइल दुसरी. दोन कागद भांडत असताना त्यांना नळीला हात लावता येत नाही.

"मग तपासा ना, कुणाची पोर आहे ते! त्यासाठीच तर आहे तुमचं सगळं."

"तपासायला संमती लागते. संमती द्यायला नातं लागतं. आणि नात्याच्या जागी तुम्ही बसला आहात."

"मग काय करायचं?"

"फाइलीतली चूक ज्यांनी लिहिली त्यांनीच येऊन लेखी द्यायचं, की मी हिची जन्मदाती आई नाही. दोन साक्षीदार लागतील, घर माहीत असलेले."

"आणि नाही दिलं तर?"

"तर महिनाअखेर तुमची इच्छा आपोआप पूर्ण होईल," बाई म्हणाल्या आणि पुढचा नंबर पुकारला.

परतताना मला वाटलं ती खचली असेल. कसलं काय! बसमध्ये तिचा चेहरा असा उजळलेला की कंडक्टरनेही दोनदा पाहिलं.

"चौदा वर्षं," ती माझा हात दाबून म्हणाली. "चौदा वर्षं सरकारी कागदावर मीच आई आहे. आणि मला पत्ताच नाही! मी मेली इथं रोज जळतेय, आणि तिथं ती केव्हाच हरलीय."

"अगं, पण पोरीला ते दुखणं असलं तर?"

"धडधाकट आहे ती."

"पोर होईपर्यंत तिची आईही धडधाकटच होती."

तिने हात काढून घेतला. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तूही तिलाच आई म्हणतेस ना शेवटी?" 

तीन दिवसांनी रविवार होता. ह्यांचा कोट तयार झाला म्हणून मी न्यायला गेले. मावशी आलेली होती. मी उठायला लागले तर काजवालीने पदर धरून बसवलं. मावशी आली की तिला कोणीतरी आपल्या बाजूचं माणूस लागतं. नवरा वर्तमानपत्रामागे होता. पोर मावशीला चिकटून बसली होती, दोघींची डोकी एका सफरचंदावर.

"ते इस्पितळाचं मलाही आलं हो पत्र," मावशी सहज बोलली. "ताईबरोबर तेव्हा मीही रक्त दिलं होतं. मी तर लगेच जाऊन नष्ट करा म्हणून सही केली. तुला काय वाटतं गं? ताईच्या नमुन्याचं तू काय करणार आहेस?"

"कुठला नमुना?" पोरीने विचारलं.

"म्हणजे? तुला पत्र नाही आलं?"

"नाही."

काजवाली सुईत दोरा ओवत होती. तो काही केल्या जाईना.

"असं कसं? सगळ्यांना घरी जाऊन दिलीत," मावशी म्हणाली. मग मला वाटतं तिला काहीतरी उमगलं, कारण ती काजवालीकडे पाहत राहिली. पण पोरीचं तिकडे लक्ष नव्हतं.

"तू का नष्ट केलास?" पोरीने तिला विचारलं.

मावशीने सफरचंद खाली ठेवलं. "तुला कधी सांगितलं नाही. ताई गेल्यावर वर्षाने माझं लग्न ठरलं होतं. साखर वाटून झाली होती. त्यांच्या नात्यातला एक जण इस्पितळात कारकून. त्याने आमच्या फाइली उघडून बघितल्या आणि त्यांना जाऊन सांगितलं, त्या घराण्यात रोग आहे, धाकटीतही निघालाय. मोडलं मग. तेव्हा कायदा नव्हता ना असा, कुणीही कुणाची फाइल उघडायचं. मला रोग आहे की नाही ते मलाच ठाऊक नव्हतं, ताईची फाइल मला कोणी दाखवली नव्हती. त्यांना माझ्याआधी कळलं."

"आणि आहे तुला?" पोरीचा आवाज बारीक झाला.

"नाही. दोन वर्षांनी मी दुसरीकडे तपासून घेतलं. त्याने कुणा भलतीचाच कागद वाचला होता. पण तोवर त्यांच्या घरी पाळणा हलला होता."

वर्तमानपत्र खाली आलं. "मला कधी बोलली नाहीस," नवरा म्हणाला.

"काय बोलायचं, भाऊजी? तुमचंच घर मोडलं होतं तेव्हा."

मी काजवालीकडे पाहिलं. सोळा वर्षं तिने या बाईच्या बिनलग्नाचा एक अर्थ लावून ठेवला होता, आणि तो तिने किती जपला होता ते मला माहीत होतं. ती उठली. बटणांचा डबा उघडून चिठ्ठी काढली आणि पोरीच्या समोर ठेवली.

"आलं होतं. अकरा दिवस झाले."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"नाही."

"विसरलीस?"

"नाही. जळत होते म्हणून."

मावशी म्हणाली, "वा! निदान हे तरी खरं बोललात."

"अजून आहे," काजवालीने तिला अडवलं आणि फाइलीचं सगळं सांगून टाकलं. तिचं स्वतःचं नाव, आजीचं पडणं, नमुना टाकून द्यायला गेली होती तेही. मी मान खाली घालून कोटाची गुंडी चाळवत राहिले. पोर ऐकत होती. तिचा चेहरा मला वाचता येईना.

आश्चर्य म्हणजे मावशीच पुढे झाली. "म्हणजे हिच्या फाइलीत ताईचं दुखणं कुठंच नव्हतं? मग एका परीने बरंच केलंत की. माझं झालं तसं हिचं कोणी करू शकलं नसतं. वाचवलंत पोरीला."

कोणीही हे आयतं आलेलं पुण्य घेतलं असतं. काजवाली मात्र उसळली.

"उगाच मला देवी करू नका. तुमच्या बहिणीचं नाव लिहायला हात होईना म्हणून केलं मी ते. पोरीचं भलं माझ्या डोक्यातही नव्हतं."

"डोक्यात नव्हतं ते बोलतेस," पोर उठली. "आता काय आहे डोक्यात? सही देणार आहेस की नाही?"

"बघते."

"बघते?"

"सोळा वर्षं आई आहे मी तुझी. एका दिवसात नाही आहे असं लिहून द्यायचं म्हणतेस. बघते म्हटलं ना!"

पोर मावशीला सोडायला म्हणून खाली उतरली आणि दोन दिवस मावशीकडेच राहिली. त्या दोन दिवसांत काजवालीने मास्तरकडची कामं परत पाठवली. ती ओट्याशी उभी असायची, मी गेले की म्हणायची, "तिथं काय खायला घालत असेल गं ती तिला? तिला नीट स्वयंपाक येतो का?" तिसऱ्या दिवशी पोर परतली. दोघी बोलत होत्या त्या मीठ, साबण आणि दाराची कडी यांपुरत्या. एकदा मला जिन्यात गाठून पोर म्हणाली, "काकू, तिला वाटतं मी तिला सोडून फोटोच्या बाजूला जाईन. मला फक्त माझ्या पोटात काय आहे ते कळायला हवंय."

"तिला सांग हे."

"ती ऐकेल? सांगितलं तर म्हणेल, पोट म्हणालीस ना!"

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा काजवालीने सकाळी माझं दार वाजवलं. साक्षीदार म्हणून मला आणि, दुसरं घर माहीत असलेलं कोणी नाही म्हणून, मावशीला न्यायचं ठरलं होतं. तिला बोलावणं धाडताना तिने फोन लेकीच्या हातात दिला. स्वतः नाही लावला.

काचेच्या खिडकीमागून बाईंनी छापील नमुना पुढे केला. काजवालीने तो वाचला आणि बाजूला सारला. "छापलेल्यावर नुसती सही नाही करायची मला. चूक मी हाताने लिहिली होती. हेही हातानेच लिहिते." बाईंनी तिला कोरा कागद दिला. ती काज घालते तशी लिहायला बसली, पाठ वाकवून, कागदाला डोळे भिडवून. पहिली ओळ पटकन झाली. 'मी हिची' इथं ती थांबली. पेन उचलून टोक पाहिलं, जणू शाई संपली असावी. लेक मागे उभी होती. मग तिने उरलेलं लिहिलं, सगळं एका दमात, आणि सही केली. खाली माझी सही. त्याखाली मावशीची. मावशीची सही मोठी आणि देखणी, चित्रकलेच्या बाईंना शोभेल अशी. काजवालीने ती नजरेने मोजली.

"फाइलीतली दुरुस्ती आज होईल," बाई लेकीला म्हणाल्या. आता 'समजा' नव्हतं. "आईचा नमुना तपासायची संमती इथे द्या, तुमचं रक्त आत घेतील. निकालाला सहा आठवडे. तो फक्त तुम्हाला सांगितला जाईल, बंद खोलीत. नोकरीच्या ठिकाणी, विमावाल्याला, कुणालाच तो आमच्याकडून मिळणार नाही. कुणी मागितला तर आम्हाला कळवा."

"आम्हीही विचारायचं नाही का?" काजवालीने विचारलं.

"विचारा की. पण त्यांनी सांगायलाच हवं असं नाही. घरच्यांनाही नाही."

लेक रक्त देऊन आली, कोपरात कापूस दाबून. आम्ही बाहेर निघालो. मावशीने तिच्या खांद्यावर हात टाकला होता आणि दोघी पुढे चालल्या होत्या, एकाच ढंगाने, डावा पाय जरा बाहेर टाकत. काजवाली माझ्याबरोबर मागे.

"बघ," ती पुटपुटली. "चालसुद्धा तीच. लिहून दिलं मी, तरी बघवत नाही गं मला."

"मग बघू नकोस."

"न बघून कसं चालेल? पडली तर? रक्त काढलंय तिचं."

फाटकापाशी तिने लेकीला हाक मारली. पोर थांबली. मावशीही थांबली, तर काजवालीने तिला हाताने पुढे व्हायची खूण केली, आणि ती गेल्यावर लेकीच्या कोपरातला कापूस जरा सरकवून पाहिला.

"हे बघ," ती म्हणाली. "काय निघेल ते निघेल. मला नाही सांगितलंस तरी तुझा हक्क आहे, त्या बाईंनी सांगितलंय, मी ऐकलंय. पण सांगणार असलीस तर आधी मला सांग. मावशीला मग."